आमची भाषा ओपनबीएसडीवर नेली, त्याची हकीकत

आमची टीम रोज ज्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करते ती भाषा आमच्याच ऑफिसात जन्मली आहे. छोटीच आहे. सीमध्ये लिहिलेला इंटरप्रिटर (प्रोग्रॅम वाचून चालवणारा), गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारा), फायबर म्हणजे हलके धागे (थ्रेड), आणि इंटेल-एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरसाठी एक साधा जेआयटी कंपायलर (प्रोग्रॅम चालू असतानाच मशीन कोड बनवणारा). शीतगृहांतले सेन्सर वाचायचे, तापमान चढलं की अलार्म द्यायचा, नोंदी ठेवायच्या, हे सगळे नियम तिच्यात लिहिलेले असतात. बरीच वर्षं ती फक्त लिनक्सवर चालली. २०२३ च्या दिवाळीनंतर नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका ग्राहकाने कळवलं की त्यांच्या नेटवर्कच्या दारावरची सगळी यंत्रं आता ओपनबीएसडीवर, म्हणजे लिनक्ससारख्याच पण सुरक्षिततेवर जास्त भर देणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जाणार, आणि आमचा प्रोग्रॅमही तिथेच चालायला हवा. वर त्यांच्या अ‍ॅडमिनची एक अट होती: हाताने आणून टाकलेली बायनरी चालणार नाही, पॅकेज म्हणून आली तरच घेऊ.

काम माझ्याकडे आलं. रनटाइम (भाषेतले प्रोग्रॅम चालवणारा हा सगळा भाग) दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेण्याचा, म्हणजे पोर्टिंगचा, अनुभव ऑफिसात कोणालाच नव्हता, आणि मराठीत वाचायला काही सापडलं नाही. म्हणून सगळं घडलं त्या क्रमाने लिहून ठेवते.

जानेवारी २०२४ पूर्ण कागदपत्रांत गेला. ओपनबीएसडीची पॅकेजेस ज्यातून बनतात त्या पोर्ट्स संग्रहात जायचं तर सोर्स कोड खुला हवा आणि परवाना स्वच्छ हवा. पोर्टच्या मेकफाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये) 'परमिट पॅकेज' नावाची एक ओळ असते, आणि तिच्या वरच्या ओळीत परवान्याचं नाव लिहायचं असतं. त्या दोन ओळींसाठी आमच्या पुण्याच्या मुख्य कार्यालयातून ना हरकत पत्र आणायचं होतं. कायदा विभागाने विचारलं, सगळा कोड आपलाच आहे का? तसा तो नव्हता. हॅश टेबलची एक फाइल आणि आकडे छापणारी एक फाइल बाहेरून आलेली होती, दोन्ही बीएसडी परवान्याच्या. मग प्रत्येक फाइलचा उगम, परवाना आणि कॉपीराइटची ओळ असा तक्ता केला आणि अर्जाला जोडला. तक्ता गेल्यावर मात्र प्रकरण हललं. तीन सह्या होऊन एमआयटी परवान्याखाली कोड खुला करायचं पत्र फेब्रुवारीच्या मध्यात हातात आलं. तुमच्या कंपनीतही असं काही करायचं असेल तर हा तक्ता पहिल्याच अर्जासोबत द्या.

दरम्यान सीताबर्डीतून एक जुना बिझनेस लॅपटॉप १६ हजारांना घेतला, त्यात १,६०० रुपयांची एसएसडी टाकली. दुकानदार म्हणाला, "ताई, विंडोज टाकून देऊ का? वेगळे पैसे नाही घेत ना." त्याला नको म्हटलं आणि घरी येऊन ओपनबीएसडी ७.४ टाकलं. इन्स्टॉलर सुटसुटीत आहे, पण वायफायचं फर्मवेअर बहुतेक यंत्रांवर इन्स्टॉलनंतर उतरवावं लागतं. तेव्हा पहिल्या दिवशी नेटवर्कची केबल किंवा यूएसबीने जोडलेला मोबाइल जवळ असू द्या. डिस्कची वाटणी इन्स्टॉलर सुचवतो तशीच राहू द्या. त्यात 'यूएसआर लोकल' हा भाग 'डब्ल्यूएक्स अलाउड' या खास परवानगीने माउंट होतो. ती परवानगी कशाला, ते जेआयटीपाशी येईलच.

काम करताना क्रम ठरवून घेतला: आधी नुसता इंटरप्रिटर, मग इव्हेंट लूप (सेन्सर वा नेटवर्ककडून काही आलं का याची वाट पाहणारा भाग), मग फायबर, आणि जेआयटी शेवटी. बिल्डमध्ये जेआयटी बंद करायचा पर्याय आधीच होता, तो खूप उपयोगी पडला. तुमच्या रनटाइममध्ये तसा पर्याय नसेल तर पोर्टिंगच्या आधी लिनक्सवरच तो करून घ्या.

पहिल्या कंपाइलला एररची रांग लागली, पण त्यातल्या बहुतेक भराभर सुटल्या. आमची मेकफाइल ग्नू मेकची होती आणि तिथला मेक बीएसडीचा, म्हणून जीमेकचं पॅकेज घेतलं. बॅश मूळ सिस्टिममध्ये नसतं, त्यामुळे स्क्रिप्टा साध्या शेलच्या केल्या. 'डीएल' आणि 'आरटी' या वेगळ्या लायब्ऱ्या तिथे नाहीत, त्यांतल्या आम्हाला लागणाऱ्या गोष्टी लिबसीत, म्हणजे सीच्या मूळ लायब्ररीतच मिळतात. चालू प्रोग्रॅमची माहिती फाइलींसारखी दाखवणारी 'प्रॉक' फाइलसिस्टिमही नाही. आमचा रनटाइम स्वतःची जागा 'प्रॉक-सेल्फ-एक्सई' वाचून शोधायचा आणि तिथून स्टँडर्ड लायब्ररीचा पत्ता काढायचा. तो पत्ता आता बिल्ड होतानाच ठरवून देतो.

गार्बेज कलेक्टरने विचार करायला लावला. तो थ्रेडचा पूर्ण स्टॅक (चालू कामाची तात्पुरती मेमरी) चाळून जिवंत वस्तू शोधतो, म्हणजे स्टॅक कुठून कुठवर आहे हे त्याला नेमकं माहीत लागतं. लिनक्सवर जे फंक्शन ही माहिती देतं ते स्टॅकचा खालचा पत्ता आणि लांबी सांगतं. ओपनबीएसडीतलं फंक्शन वेगळं, आणि त्यातला पत्ता स्टॅकच्या वरच्या टोकाचा असतो. त्याच्या मॅन पेजवर, म्हणजे सिस्टिममधल्याच माहितीपानावर, हे एका वाक्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. हे वाक्य नजरेतून सुटलं तर कलेक्टर भलतीच मेमरी चाळतो आणि जिवंत वस्तू मोकळ्या करून टाकतो. या सिस्टिमची मॅन पेजेस फार काळजीने लिहिलेली आहेत. कोणतंही फंक्शन बदलून घेताना ती शेवटपर्यंत वाचा, खाली सावधगिरीच्या सूचना असतात त्यासुद्धा.

मार्चच्या सुरुवातीला इंटरप्रिटरने पहिली ओळ छापली. रात्री बराच उशीर झाला होता. ही भाषा ज्यांनी घडवली ते आमचे सर नागपुरातच असतात, त्यांना फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "वा! आता फायबर पाहा, तिथं खरी मजा आहे."

त्याआधी इव्हेंट लूप. ही वाट पाहायला लिनक्सवर आम्ही ईपोल वापरतो, इथे केक्यू आहे. ईपोलमध्ये एका फाइल डिस्क्रिप्टरची (उघडलेल्या फाइलच्या वा जोडणीच्या क्रमांकाची) एकच नोंद असते आणि तिच्यातच वाचणं-लिहिणं दोन्ही सांगतात. केक्यूत वाचण्याचा फिल्टर वेगळा आणि लिहिण्याचा वेगळा. एक बंद करून दुसरा चालू ठेवायचा हिशोब आम्ही नव्याने मांडला, आणि मला तो जास्त सरळ वाटला. टायमरसाठी केक्यूचाच फिल्टर आहे. दुसऱ्या थ्रेडला जागं करायला लिनक्सचा इव्हेंट-एफडी नाही, म्हणून साधा पाइप वापरला. एका गोष्टीकडे लक्ष हवं: फोर्क केल्यावर, म्हणजे चालू प्रोग्रॅमने स्वतःची प्रत ('मूल') काढल्यावर, केक्यू मुलाकडे जात नाही. मुलाने स्वतःची रांग नव्याने उघडायची असते.

सर म्हणाले तसं फायबरने खरंच दम काढला. नुसती बेरीज-वजाबाकी करणारा फायबर नीट चालून संपायचा, पण काही छापायला गेला की प्रोग्रॅम जागच्या जागी मरायचा. डीबगरमध्ये पाहावं तर सगळे पत्ते ठीक, स्टॅकवर जागा शिल्लक. उत्तर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, संदेशांत होतं. डीमेसग चालवून पाहिलं तर शेवटच्या ओळीत आमच्या प्रोग्रॅमचं नाव, स्टॅक पॉइंटरचा (स्टॅकवर आपण कुठे आहोत ते दाखवणाऱ्या खुणेचा) पत्ता, आणि त्या पत्त्याच्या मेमरीबद्दल तक्रार.

कारण असं. ऑक्टोबर २०१८ च्या ६.४ आवृत्तीपासून ओपनबीएसडीचा कर्नल एक गोष्ट तपासतो. प्रोग्रॅम सिस्टिम कॉल करतो (कर्नलकडे काम मागतो) किंवा त्याला पेज फॉल्ट होतो (हवं ते मेमरीचं पान हाताशी नसतं), तेव्हा स्टॅक पॉइंटर 'मॅप-स्टॅक' अशी खूण असलेल्या मेमरीतच असला पाहिजे. नसेल तर प्रोग्रॅम तिथेच संपवला जातो. हल्लेखोर स्टॅक पॉइंटर आपण रचलेल्या मेमरीकडे वळवून भलतीच कामं करवून घेतात, तो मार्ग यामुळे बंद होतो. आमचे फायबर स्टॅक मॅलॉकमधून, म्हणजे मेमरी मागायच्या नेहमीच्या फंक्शनमधून, येत होते, म्हणजे कर्नलच्या लेखी ते स्टॅकच नव्हते. हिशोब करणारा फायबर सहसा कर्नलच्या दारात जात नाही, म्हणून तो वाचायचा. छापणाऱ्याला मात्र सिस्टिम कॉल करावाच लागतो.

दुरुस्ती छोटी होती. स्टॅकसाठी मॅलॉक सोडून त्या खुणेसह एम-मॅप करायचं (थेट कर्नलकडून मेमरी घ्यायची) आणि आकार ४,०९६ बाइटांच्या पटीत ठेवायचा. पण आमच्या प्रोग्रॅममध्ये फायबर हजारांनी जन्मतात नि मरतात, आणि प्रत्येकासाठी एम-मॅप म्हणजे प्रत्येकासाठी एक सिस्टिम कॉल. म्हणून संपलेल्या फायबरचे स्टॅक परत न करता यादीत ठेवायचे आणि नव्याला त्यातलाच द्यायचा, अशी सोय केली. ही सोय नंतर लिनक्सवरही घेतली. कोणाच्या रनटाइममध्ये कोरूटीन, फायबर, ग्रीन थ्रेड असं काही असेल तर ओपनबीएसडीवर पहिली शंका इथेच घ्या आणि डीमेसग आधी पाहा.

यानंतर सगळ्यात मोलाची गोष्ट हाती लागली. टेस्ट चालवताना मधूनच स्ट्रिंगच्या (मजकुराच्या तुकड्यांच्या) तक्त्यात क्रॅश व्हायचा, तोही फक्त इथे. जीडीबी या डीबगरमध्ये पॉइंटर (मेमरीचा पत्ता ठेवणारा आकडा) उघडला तर त्यात हेक्सचे, म्हणजे सोळाच्या पद्धतीतले, डीएफ डीएफ डीएफ, आठही बाइट तेच. ओपनबीएसडीचा मॅलॉक मोकळी केलेली मेमरी या बाइटने भरून ठेवतो. हा आकडा पॉइंटरमध्ये दिसला की समजायचं, आपण सोडून दिलेली मेमरी पुन्हा वाचतो आहोत. आमच्या तक्त्यातून स्ट्रिंग काढताना ती आधी मोकळी व्हायची आणि मग तिच्यातून पुढच्या कडीचा पत्ता वाचला जायचा. लिनक्सवर तो पत्ता बहुतेक वेळा तसाच शिल्लक असायचा, म्हणून वर्षानुवर्षं काही दिसलं नाही. दुरुस्ती म्हणजे दोन ओळींची अदलाबदल. ती लिनक्सच्या आवृत्तीतही गेली, आणि एका जुन्या ग्राहकाकडे प्रोग्रॅम अधूनमधून आपोआप बंद पडायचा ते थांबलं. पोर्टिंगला वेळ का द्यायचा असं मॅनेजमेंटने विचारलं तर हे उदाहरण सांगा. टेस्ट चालवताना 'मॅलॉक ऑप्शन्स'मध्ये मोठा एस द्यायचा, म्हणजे तपासणी आणखी कडक होते.

एप्रिलमध्ये ऊन तापलं आणि लॅपटॉपही. मे महिन्यात नागपुरात दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा पूर्ण बिल्ड आणि टेस्ट लावल्या की जुन्या यंत्राचा पंखा सारखा ओरडायचा. 'सिस्कटल'मध्ये सेन्सरचं तापमान दिसतं. ते पाहून प्रोसेसरच्या वेगाची 'परफ पॉलिसी' मॅन्युअल करायची आणि 'सेटपरफ' कमी ठेवायचं, बिल्ड हळू होतो पण यंत्र तग धरतं. हायपरथ्रेडिंग (एक कोर दोनसारखा चालवायची सोय) तिथे मुळातच बंद असतं, तेव्हा लिनक्सवरच्या वेळेशी तुलना करू नये. मोठ्या टेस्ट मी रात्री कूलरसमोर टेबल लावून चालवल्या, पण कूलरच्या ओल्या झोतात यंत्र थेट ठेवलं नाही.

एप्रिलमध्ये आणखी एक बदल केला. पोर्ट सादर करायचा तर तो 'करंट'वर म्हणजे विकासाच्या चालू आवृत्तीवर तपासलेला लागतो. तिचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या दिवशीची तयार प्रत, टाकला आणि आमचं लिंकिंगच (तुकडे जोडून प्रोग्रॅम करणं) अडलं. ५ एप्रिल २०२४ ला आलेल्या ७.५ आवृत्तीत 'सिसकॉल' नावाचं सर्वसाधारण फंक्शनच काढून टाकलं आहे. सिस्टिम कॉल फक्त लिबसीतल्या ठरलेल्या जागांमधूनच करता यावेत, हा त्यामागचा हेतू. गो भाषेने ओपनबीएसडीवर २०२१ च्या १.१६ आवृत्तीतच लिबसीची वाट धरली होती. आमच्या भाषेत कोणताही कॉल नंबर देऊन करायची एक सोय होती. ती या सिस्टिमवर बंद केली आणि ग्राहकांच्या स्क्रिप्टांत लागणाऱ्या मोजक्या कॉलना स्वतंत्र फंक्शनं दिली. सुरुवात थेट स्नॅपशॉटवर केली तर हे दोनदा करावं लागत नाही.

मग जेआयटी. त्याचं काम म्हणजे मेमरीत मशीन कोड लिहायचा आणि तोच चालवायचा. आम्ही एकाच मेमरीला लिहिण्याची आणि चालवण्याची परवानगी एकदम मागायचो. ओपनबीएसडीत २०१६ च्या ६.० पासून असं एकदम मिळत नाही, एम-मॅप सरळ एरर देतो. एक मार्ग असा की बायनरीवर 'डब्ल्यूएक्स नीडेड' ही खूण लिंकरकडून लावून घ्यायची आणि ती वर सांगितलेल्या 'डब्ल्यूएक्स अलाउड' भागात ठेवायची. ग्राहकाचा अ‍ॅडमिन त्याला तयार नव्हता, आणि त्याचं म्हणणं मला पटलं. दारावरच्या यंत्रावर ही सूट कशाला?

दुसरा मार्ग घेतला. कोड नव्या पानांवर लिहायचा, पूर्ण झाला की एम-प्रोटेक्टने लिहिण्याची परवानगी काढून चालवण्याची द्यायची, आणि ती पानं पुन्हा कधी उघडायची नाहीत. पुन्हा उघडली तर दुसरा थ्रेड नेमका त्याच पानावर चालत असू शकतो. यात अडचण आली ती इनलाइन कॅशची, म्हणजे मागच्या वेळचं उत्तर कोडमध्येच टिपून ठेवायच्या सोयीची. कॅश बदलली की आमचा जेआयटी तयार कोडच्या पोटातले आकडे बदलायचा. ते सगळे आकडे डेटाच्या वेगळ्या पानावर हलवले आणि कोड ते तिथून वाचू लागला. जेआयटीचा हा भाग जवळजवळ नव्याने लिहावा लागला. वेग आमच्या रोजच्या स्क्रिप्टांवर जाणवेल इतका कमी झाला नाही.

माझ्या यंत्रावर सगळं हिरवं झालं. मग धाकट्या भावाच्या बाराव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपवर यूएसबी डिस्कवरून चालवलं, तर जेआयटीच्या पहिल्याच उडीला क्रॅश. ७.४ पासून नव्या प्रोसेसरांवर इनडायरेक्ट ब्रँच ट्रॅकिंग लागू आहे: पॉइंटरवरून उडी मारली तर जिथे पोचाल तिथली पहिली सूचना 'एंडबीआर६४' असली पाहिजे. माझ्या जुन्या प्रोसेसरला हे माहीतच नाही, तो त्या सूचनेकडे दुर्लक्ष करून पुढे जातो. जेआयटीच्या प्रत्येक प्रवेशापाशी ही चार बाइटांची सूचना घातली आणि प्रश्न मिटला. जेआयटी असेल तर एका जुन्या आणि एका नव्या, अशा दोन प्रोसेसरांवर चालवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जूनमध्ये पोर्टची बांधणी केली. एका फोल्डरमध्ये मेकफाइल, डिस्टइन्फो (मूळ सोर्सची पडताळणीची खूण), वर्णनाची फाइल, पॅकेजमध्ये येणाऱ्या फाइलींची यादी आणि आपले पॅच. यादी हाताने लिहायची नसते, 'मेक अपडेट-पीलिस्ट' ती बनवतो. 'मेक पोर्ट-लिब-डिपेंड्स-चेक' लायब्ऱ्यांचा हिशोब तपासतो, आणि 'पोर्टचेक' बाकीच्या चुका दाखवतो. हे सगळं स्वच्छ झाल्यावरच पोर्ट्सच्या मेलिंग लिस्टवर पाठवा. मेल साध्या मजकुरात हवा. डिफ (बदललेल्या ओळींची यादी) मेलमध्ये चिकटवताना टॅबच्या जागी स्पेस झाल्या तर पॅच लागत नाही, तेव्हा आधी स्वतःला पाठवून लावून पाहा. नवा पोर्ट आत घ्यायला साधारण दोन डेव्हलपरांचा होकार लागतो.

पाठवलं आणि शांतता. जगभरचे लोक आपल्या सवडीने हे काम करतात, हे माहीत असूनही रोज सकाळी मेल उघडताना धाकधूक व्हायची. दोनेक आठवड्यांनी एक नम्र आठवण पाठवली. तिथे ती रीतच आहे, कोणी रागवत नाही. पहिलं उत्तर तुटक होतं, नमस्कार-चमत्कार काही नाही, पण प्रत्येक ओळ कामाची. आमच्या मेकफाइलमधले ऑप्टिमायझेशनचे आग्रह काढा, सिस्टिमने दिलेले फ्लॅग माना. वॉर्निंगला एरर समजणं काढा. नेटवर्क लागणाऱ्या टेस्ट वेगळ्या करा. सगळं केलं आणि नवी आवृत्ती पाठवली.

मग एकाने ते आपल्या स्पार्क६४ यंत्रावर, म्हणजे वेगळ्याच जातीच्या प्रोसेसरवर, चालवून पाहिलं. असं यंत्र मी डोळ्यांनीही पाहिलेलं नाही. ते बिग एंडियन, म्हणजे आकड्याचे बाइट उलट्या क्रमाने ठेवणारं. आमच्या स्टँडर्ड लायब्ररीचा बाइटकोड (इंटरप्रिटरला थेट वाचता येणारं रूप) आम्ही तयार करूनच सोर्ससोबत देत होतो, तो तिथे वाचलाच जाईना. शिवाय आठ बाइटांचा आकडा वाटेल त्या पत्त्यावरून वाचला की 'बस एरर' येऊन प्रोग्रॅम बंद. बाइटकोडच्या फाइलीचा क्रम कायमचा ठरवून टाकला, फाइल बिल्डच्या वेळी बनवायला लावली, आणि असे आकडे मेमकॉपीने वाचायला सुरुवात केली. त्या माणसाने माझे पॅच पुन्हा पुन्हा चालवून दिले आणि दरवेळी पूर्ण लॉग पाठवला. ओळख ना पाळख, तरी केलं. याचं ऋण मनात आहे.

तोवर ऑगस्ट उलटला. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते आणि तिच्याआधी काही आठवडे पोर्ट्सच्या संग्रहाला कुलूप लागतं, तेव्हा नवं काही आत जात नाही. आमचा दुसरा होकार कुलूप लागल्यानंतर आला. ग्राहकाला कळवलं, तो समजूतदार निघाला, आणि मी स्नॅपशॉटवर बनवलेलं पॅकेज चाचणीसाठी दिलं. ऑक्टोबरमध्ये ७.६ बाहेर पडली, त्याच महिन्यात आमचा पोर्ट संग्रहात आला. ग्राहकाला रिलीजच हवी होती, तेव्हा वाट एप्रिल २०२५ च्या ७.७ पर्यंत पाहावी लागली. त्यांच्या अ‍ॅडमिनने 'सिसअपग्रेड' केलं, 'पीकेजी-अ‍ॅड' केलं, आणि शीतगृहाचे अलार्म त्याच संध्याकाळी नव्या यंत्रावरून यायला लागले. त्या संध्याकाळी आम्ही सगळे सरांकडे जेवायला गेलो.

खर्च लॅपटॉप, एसएसडी आणि नंतर घेतलेला एक रास्पबेरी पाय (आर्म प्रोसेसरचा छोटा संगणक) मिळून पंचवीस हजारांच्या आत बसला. तो ऑफिसने दिला. वेळ मात्र ऑफिसचा थोडा आणि घरचा जास्त गेला.

आता मेकफाइलमध्ये देखभाल करणारी म्हणून माझं नाव आहे. दर आवृत्तीच्या आधी बांधणी तपासायची, कोणाचा मेल आला तर उत्तर द्यायचं. आर्म६४ वर, म्हणजे ६४ बिटी आर्म प्रोसेसरवर, सध्या इंटरप्रिटरच चालतो, जेआयटी नाही. तिथे उडीच्या जागी 'बीटीआय' ही सूचना लागते आणि त्या प्रोसेसरची सूचना-बांधणीच वेगळी, म्हणून कोड बनवणारा अर्धा भाग नव्याने लिहावा लागेल. पावसाळ्यात ते हाती घेते आहे.